जावई दुकानात, सासरा रिक्षात

बसा. चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझी एक फजिती सांगून टाकतो. गल्लीत ती आता चार प्रकारांनी फिरतेय आणि चारही प्रकार चुकीचे आहेत. खरा प्रकार माझ्याकडून ऐका. हसायचं तर हसा. मी हसणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी उधारी करत नाही. शाळा चौथीत सुटली. सातपूरच्या कारखान्यात लेथवर अख्खी नोकरी काढली. पण किराणावाल्याच्या वहीत माझं नाव कधी चढलं नाही. सुमन, म्हणजे आमची मंडळी, म्हणते की मला त्याचा गर्व आहे. आहेच. नसावा का?

मग अशा माणसाच्या खिशात उधारीचं कार्ड आलं कसं?

कुकरमुळे. कॉलेज रोडला ते मोठं दुकान आहे ना, खाली भांडी-शेगड्या आणि वर कपडे? तिथे कुकर घ्यायला गेलो. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "काका, आमच्या दुकानाचं कार्ड काढा. प्रत्येक बिलावर पंधरा टक्के सूट." वर काही द्यावं लागेल का, विचारलं. नाही म्हणाली. सही केली.

थोड्या दिवसांनी कार्ड घरी आलं. पाठोपाठ फोनवर मेसेज. सुमनने चष्मा लावून वाचला. "अहो, तुमचं लिमिट दीड लाख आहे म्हणे."

दीड लाख! कुकरच्या दुकानात!

मी कार्डावर जे घेतलं त्याचे पैसे दुसऱ्या दिवशी जाऊन भरले. अंगावर कशाला ठेवायचे? एकदा भरले, दोनदा भरले. आणि त्याचं बक्षीस काय मिळालं? पुन्हा मेसेज. तुमचा व्यवहार चोख आहे, म्हणून तुमचं लिमिट आता दोन लाख! म्हणजे मी जितका सरळ वागतो, तितका हे लोक माझ्या पायापुढचा खड्डा मोठा करतात. आहे की नाही?

आणि परिणाम घरातच दिसायला लागला. सुमन त्या दुकानात गेली की दोन दारांच्या फ्रिजपुढे उभी राहायची. दार उघडायची, लावायची.

"काय चाललंय?"

"घेत नाहीये हो. नुसतं बघतेय. आपल्या लिमिटमध्ये बसतो."

आपल्या लिमिटमध्ये! पेन्शनमध्ये बसतो का, हे कोणी विचारायचं?

मी ठरवलं. लिमिट खाली आणायचं. दुकानाच्या कोपऱ्यात कार्डाचं टेबल आहे, तिथे पल्लवी मॅडम म्हणून एक बाई बसतात. समोर जाऊन उभा राहिलो.

"लिमिट कमी करा."

त्यांनी वर पाहिलं. "काका, वाढवायचं म्हणताय ना?"

"कमी. दहा हजार."

"अहो, लोक माझ्या मागे लागतात वाढवून द्या म्हणून!"

"लोकांना लागू द्या. मी वेगळा."

बाई समजावायला लागल्या. लिमिट मोठं असलं म्हणून वापरलंच पाहिजे असं नाही. पडून राहतं. अडीनडीला उपयोगी येतं. मला हसू आलं नाही, पण येण्यासारखं होतं.

"मॅडम, हे कार्ड दवाखान्यात चालतं?"

"नाही, फक्त आपल्या दुकानात."

"औषधाच्या दुकानात?"

"नाही काका."

"मग मला सांगा, कपड्याच्या दुकानात कसली अडीनडी येते? शर्टावाचून कोणी अत्यवस्थ होतो का?"

बाईंनी कॉम्प्युटरवर दोन-चार बटणं दाबली. झालं, दहा हजार. मला वाटलं होतं भांडायला अर्धा दिवस जाईल. एका मिनिटात झालं! मी छाती काढून घरी आलो. सुमनला म्हटलं, "आता बघ फ्रिज." तिने नुसतं "हं" केलं. ती नुसतं "हं" करते तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं.

आता दहा हजारच का, हेही सांगतो. त्यात माझा हिशेब होता. बँकेच्या एटीएममध्ये मी जातो, तिथे एका वेळी दहा हजारच निघतात. जास्त हवे असतील तर कार्ड पुन्हा घालायचं, पुन्हा दहा निघतात. मी म्हटलं, इथेही तसंच असणार. एका बिलाला दहा हजार. मोठी खरेदी निघालीच तर दोन बिलं करायची. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागत नाही. मी समजून घेतो.

आता ऐका पुढे.

आमच्या कविताचं लग्न हिवाळ्यात झालं. सायखेड्याला दिली. जावई प्रवीणराव, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं. बोलायला मऊ, पण माणूस हुशार. आणि लग्नानंतर लगेच अधिक महिना आला. पहिला धोंडा! जावयाला घरी बोलवायचं, नवा पोशाख घालून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. पहिल्या धोंड्याला कमी-जास्त झालं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागतं. कविताची सासू तशी चांगली बाई आहे. पण विसरत काही नाही.

सुमनची तयारी महिनाभर चालली होती. जुनी शेगडी जावयासमोर नको म्हणाली, म्हणून मी त्याच दुकानातून काचेची शेगडी आणली, कार्डावर. नऊ हजार सातशे. तिचे पैसे दुसऱ्या दिवशी भरायचे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा राहिले. म्हटलं, वाणाची खरेदी झाली की दोन्हीचे एकदमच भरू. त्यासाठी बँकेतून रोख काढून आणली आणि कपाटात ठेवली. माझी नियत स्वच्छ होती, एवढं लक्षात ठेवा.

अधिक महिन्याचा अगदी शेवटचा दिवस. जावई आणि कविता सकाळीच आले. पोशाख जावयाच्या पसंतीने घ्यायचा, म्हणून आम्ही तिघं दुकानात निघालो. सुमन स्वयंपाकाला घरी.

"रोख घ्या बरोबर," ती म्हणाली.

"कार्ड आहे."

"मग बँकेचं कार्ड तरी ठेवा खिशात."

"एका खिशात दोन कार्डं? मी काय पेढी उघडलीय?"

गेलो. मी हात सैल सोडला. जावयाला कोट-पँट, शर्ट. कविताला साडी. विहीणबाईंना साडी, व्याह्यांना कापड. प्रवीणराव सारखे म्हणत होते, "मामा, एवढं कशाला?" आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो. मी म्हटलं, "प्रवीणराव, तुम्ही बोलू नका. आज तुम्ही फक्त घ्यायचं."

गल्ल्यावर रांग होती. आमचा नंबर येईपर्यंत मी जावयाला चार गोष्टी सांगितल्या. काय सांगितलं? कार्ड कसं वापरावं ते! "कंपन्या लिमिट वाढवत जातात आणि माणूस फसत जातो. मी बाईंना ठणकावून दहा हजारांवर आणलं. आता बघा, तीन बिलं करतो, प्रत्येक दहाच्या आत. कार्ड आपल्या मुठीत पाहिजे, आपण कार्डाच्या मुठीत नको."

"बरोबर आहे मामा," प्रवीणराव म्हणाले. मग जरा थांबून, "पण मामा, लिमिट एका बिलाचं असतं का?"

"तुम्ही ट्रॅक्टरचं बघा," मी म्हटलं.

पहिलं बिल कोट-पँटचं. मुलीने कार्ड मशीनला लावलं. मशीनने टूं केलं.

"काका, नाही होत."

"पुन्हा लावा."

टूं.

"मशीन खराब आहे."

मुलीने दुसरं मशीन आणलं. टूं. तेच. मी शांत राहिलो. माणसाने घाबरायचं नसतं. मी म्हटलं, "बिल मोठं झालं असेल. कोट वेगळा, पँट वेगळी करा."

कोट. टूं. नुसती पँट. टूं.

"अण्णा," कविता माझी बाही ओढत म्हणाली, "राहू द्या ना."

"का राहू द्या? माझं कार्ड आहे. माझं नाव आहे त्यावर. साडीचं बिल करा."

साडी. टूं. विहीणबाईंची साडी, टूं. व्याह्यांचं कापड, टूं. मी मागे हटलो नाही. मागून एक जण ओरडला, "ओ बाबा, लय टाइम झाला! शर्टाची बटणं सुटी घेऊन बघा, बसतील!"

रांग हसली. एक बाई त्याला दटावायला लागली, "अहो गप्प बसा हो. त्यांच्याबरोबर जावई आहे, दिसत नाही का?" म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही कळलं की जावई कोणता. सगळ्यांनी माना वळवून प्रवीणरावांकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"शर्ट," मी म्हटलं.

टूं.

आता गल्ल्यावर काय उरलं होतं? रुमाल. कविताने सहज उचललेलं रुमालांचं पाकीट. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने कार्ड लावलं, आणि मशीनमधून कागद सरसर बाहेर आला!

रांगेने टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, टाळ्या!

मी म्हटलं, "बघा. कार्ड चालू आहे."

तेवढ्यात गलका ऐकून पल्लवी मॅडम आल्या. कॉम्प्युटर पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काका, लिमिट एका बिलाचं नसतं. सगळं मिळून असतं. तुमची शेगडी आहे ना, तिनेच ते भरलंय. तीनशे रुपये उरले होते. त्यात रुमाल बसले."

मी रुमालांचं पाकीट खिशात घातलं. मग म्हटलं, "वाढवा."

"वाढवायला मागणी पाठवावी लागते. चार-पाच दिवस लागतील."

"कमी तर एका मिनिटात केलंत!"

"कमी करायला कोणाची परवानगी लागत नाही, काका." बाई भल्या होत्या. शर्टावाचून अत्यवस्थ होण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रवीणरावांनी खिशातून पाकीट काढलं. "मामा, माझ्याकडे याच दुकानाचं कार्ड आहे. मी देतो, आपण मग बघू."

"खबरदार!" माझा आवाज जरा मोठा निघाला. "जावयाच्या पैशाने जावयाचं वाण? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. पाकीट ठेवा आत."

"पण मामा, उशीर होतोय. मामी वाट बघत असतील."

"मी घरी जाऊन रोख आणतो. तुम्ही दोघं इथेच थांबा. सामानाजवळ. हलायचं नाही!"

"अण्णा, आम्ही पण येतो ना घरी," कविता रडवेली झाली होती.

"आणि हे सामान? पुन्हा रांगेत उभं राहायचं? थांबा म्हटलं ना!"

तर मंडळी, असा प्रकार. पहिल्या धोंड्याला लोक जावयाला पाटावर बसवतात. मी जावयाला दुकानात गहाण ठेवून रिक्षात बसलो.

आयटीआय सिग्नलला रिक्षा अडकली ती अडकलीच. घरी पोहोचलो तर सुमन दारात. रांगोळी काढलेली, पाट मांडलेला, निरांजन तयार.

तिने माझ्या मागे पाहिलं. रिकामी रिक्षा.

"जावई कुठेत?"

"दुकानात."

"दुकानात म्हणजे?"

"सामानाजवळ बसवलेत. कपाटाची किल्ली दे."

तिने किल्ली दिली. ती देताना जे म्हणाली, ते मी इथे सांगणार नाही. थोडक्यात, माझ्या चौथीच्या मास्तरांनाही तिने सोडलं नाही.

रोख घेतली, त्याच रिक्षाने परत. पुन्हा तो सिग्नल. रिक्षावाल्याला घाई करायला सांगितली तर म्हणतो, "बाबा, दवाखान्यात कोणी आहे का?" म्हटलं, "कपड्याच्या दुकानात आहे." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

दुकानात शिरलो. गल्ल्यावर जावई नाही. कविता नाही. सामान नाही! मी पल्लवी मॅडमना गाठलं.

"माझा जावई कुठाय?"

"ते बिल भरून गेले, काका."

"कशाने भरलं?"

"त्यांच्या कार्डाने. एकाच बिलात झालं." हे त्यांनी मुद्दाम सांगितलं की सहज, ते कळलं नाही. "त्यांनी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही उचलला नाही."

फोन घरी राहिला होता. रोख काढताना कपाटात ठेवला, तो तिथेच कुलपात.

म्हणजे मी तिकडून इकडे येत होतो, तेव्हा जावई इकडून तिकडे चालला होता. त्या सिग्नलला दोन रिक्षा समोरासमोर उभ्या असणार. एकीत वाण, दुसरीत वाणाचे पैसे.

तिसऱ्यांदा रिक्षात बसलो.

घरी आलो तर दृश्य बघा. प्रवीणराव नव्या कोट-शर्टात पाटावर बसलेले. ताट वाढलेलं, पण हात लावलेला नाही. सासऱ्याशिवाय कसं जेवायचं, म्हणून थांबलेले. धोंडे गार झालेले. विहीणबाईंचा फोन चालू होता, आणि कविता त्यांना सांगत होती, "हो ना आई, अण्णांनी सगळं घेतलं. कोट घेतला, तुम्हाला साडी घेतली. ऐकतच नव्हते!"

पोरीने घर राखलं. पण मला काय वाटलं असेल, विचार करा.

फोन माझ्या हातात आला. पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "एवढा खर्च कशाला केलात दादा? आमच्या प्रवीणला सारखी काळजी, किती पैसे गेले असतील!" त्या साधेपणानेच बोलल्या असतील. पण मी फोन लगेच सुमनकडे दिला.

सुमनने औक्षण केलं. मी वाण उचललं आणि जावयाच्या हातात दिलं. त्यांच्याच पैशाचं वाण. त्यांनी वाकून नमस्कार केला. एवढ्या गंभीरपणे की मला वाटलं, हा माणूस बहुतेक विसरला. चांगला माणूस.

जेवणं झाली. मी रोख काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"मोजून घ्या."

"मामा, कशाला? घरातलंच आहे."

"मोजून घ्या म्हटलं ना. मी उधारी करत नाही."

त्यांनी पैसे माझ्याकडे सरकवले. मी त्यांच्याकडे. त्यांनी पुन्हा माझ्याकडे. सुमन मधोमध पानदान घेऊन बसली होती, ती दर वेळी पानदान उचलायची आणि पैसे जाऊ द्यायची. शेवटी मी ते पैसे त्यांच्या नव्या कोटाच्या खिशात कोंबले आणि वरून हात दाबून धरला.

"आता ऐका," मी म्हटलं. "आज झालं ते झालं. पण माझं मत बदललेलं नाही. दुकानाच्या कार्डाला मोठं लिमिट नकोच. दुकानदार आपल्याला दोन लाख देतो, ते आपण दोन लाखांचं सामान घ्यावं म्हणून. चूक लिमिटची नव्हती. चूक मला ते कळलं नाही, ही होती. शेगडीचे पैसे उद्या भरतो. आणि लिमिट दहा हजारच राहणार. त्यात एक रुपया वाढणार नाही."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. कविताने नवऱ्याकडे पाहिलं. प्रवीणरावांनी कोटाच्या खिशावरचा माझा हात हळूच बाजूला केला. या खेपेला त्यांनी पैसे परत केले नाहीत. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले,

"बरोबर आहे मामा. तुम्ही दहा हजारांवर ठाम राहा. पुढचा धोंडा तीन वर्षांनी येईल. तोवर मी माझ्या कार्डाचं लिमिट वाढवून ठेवतो."